चंचीतली सासू

॥ श्री ॥
बुलढाणे, ता. ९ फेब्रुवारी १९३१

तीर्थरूप सोजराबाईस, धाकटा भाऊ नारायण याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. इकडील मंडळी खुशाल. अन्नपूर्णेस आठवा महिना लागला, डोहाळे मात्र संपत नाहीत; परवा हंगाम नसता पाडाचा आंबा मागत होती.

आता ज्यासाठी लिहिले ते. तुझ्या रुख्मिणीचे होणारे सासरे हिंमतराव दाव्याच्या कामाने शेगावाहून इथे कोर्टात आले होते. खामगावच्या भाजीबाजारात एका अडत्याने तुझा हात धरला आणि तू पानसुपारीच्या चंचीतून चाकू काढलास, हे त्यांच्या कानी गेले आहे. घरी कणगीमागे आणखी किती जमवले आहेत, तेही कोणीतरी सांगितले. ते म्हणतात, सगळे चाकू विहिरीत टाकावे आणि बाईने जरा वाकायला शिकावे, तरच लग्न. बाई, मुलीचा ठरलेला संबंध मोडू देऊ नकोस. माझीही कचेरीत मान खाली जाते.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
नारायण

खामगाव, मळा, ता. १६ फेब्रुवारी

चि. नारायणास बाईचे आशीर्वाद. पत्र पोचलं. कचेरीत बसून फार शुद्ध बोलाले शिकला बे तू. पण बहिणीचा हात धरणाऱ्याचं नाव काही इचारलं नाही.

तो अडत्या म्हणे, मेथीचा भाव तुह्या घरी येऊन ठरवतो. मी चाकू काढला, जुडीचा बंद कापला अन् त्याच्या धोतराकडे पाह्यलं. एवढंच! एक जोडा तिथंच टाकून पळाला. जोडा अजून माह्यापाशी आहे, पाहिजे तर कोर्टात लाव.

चाकू काऊन जमवतो म्हणतं, तर ऐक. पहिला चाकू तुह्या भाऊजीचा, कलमं बांधायचा. ते गेले तवा दिरानं बैलं नेले, हा मी कमरेले लपवला. मंग नांदुऱ्याच्या बाजारातून एक आणला. मोगलाईतून आलेल्या रोहिल्यापासून वाकडा जंबिया घेतला. असं लागलं येड. दुसऱ्या बाया बांगड्या घेतात, मी पातं घेतो. बैलाईले नावं असतात तसे माह्या चाकूईले नावं आहेत. चंचीत राहते तिचं नाव सासू, बोलत नाही पण कापते.

अन् नवरदेव कट्यारीले लिंबू खोचून गावभर मिरवते, तवा कोणाची मान खाली जात नाही! तूही मिरवला, लिंबू दोनदा पाडलं. पुरुषाच्या हाती ते शोभा अन् बाईच्या कमरेले ते खोड काय? पोरीचं लग्न मोडलं तर माह्या जीवाचं पाणी होईन, हे खरं. पण रिकाम्या कमरेनं मी बाजारात पाय ठेवणार नाही. हिंमतरावाले सांग, विहिरीत टाकाले माह्यापाशी त्याचा निरोपच आहे.

माया पातळ करू नको.
तुही बाई

बुलढाणे, ता. १४ एप्रिल

तीर्थरूप बाईस, नारायणाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. अन्नपूर्णा सुखरूप मोकळी झाली. मुलगी आहे. नाक तुझ्यावर गेले आहे, स्वभाव न जावो.

हिंमतरावांना मी कळवून टाकले, की चाकू विहिरीत गेले. धडधडीत खोटे बोललो. लग्न वैशाखात नक्की झाले, तेव्हा आता तू तोंड उघडू नकोस, हात जोडतो.

जाता जाता एक. सुईण म्हणते, बाळंतिणीच्या उशीखाली धारेचे लोखंड हवे. आमच्या घरची सुरी वांगेही कापत नाही. तुझ्यातला एखादा पाठवशील का? बोभाटा नको.

लोभ असावा, हसू नये.
नारायण

खामगाव, ता. १९ एप्रिल

चि. नारायणास आशीर्वाद. हसू नये म्हणतं? हसून हसून पोट दुखून राह्यलं माह्यं. तुह्यासाठी विहिरीत बुडी मारली अन् एक काढला. पुंजाजी गाडीवाल्यासंगं धाडतो. धारेची वस्तू हातोहात देत नसतात, नातं तुटते. मी भुईवर ठेवला, त्यानं वाकून उचलला. तूही तसाच घेजो.

रुख्मिणी काल रडली. म्हणे, आई, मले नवरदेव पसंत आहे. म्हणून मी तोंड शिवतो. चंची काही सोडत नाही.

भाचीले माह्याकडून पापा.
बाई

खामगाव, ता. १३ मे

चि. सौ. अन्नपूर्णास नणंदेचे अनेक आशीर्वाद. सव्वा महिना झाला नाही म्हणून तुले लग्नाले येता आलं नाही. नारायण येऊन सांगीन, पण अर्धं खाऊन सांगीन, म्हणून मीच लिहितो.

वऱ्हाड आलं, वाजंत्री लागली, अन् नवरदेवाची कट्यारच नाही! बैलाच्या दमणीत राह्यली, अन् दमणी माणसं उतरवून शेगावले परत गेली. हातात लोखंड नाही तर नवरदेवानं मांडवात पाय टाकू नये, म्हणून त्याईच्याच म्हाताऱ्या आडव्या झाल्या. कोणी विळा आणला, तर म्हणे तो बाईमाणसाचा. मुहूर्त सरकून राह्यला. नारायण माह्याकडे पाहे अन् घाम पुसे.

मंग हिंमतराव इवाई माह्यापुढं आले. हळूच म्हणे, बाई, काही धारेचं असीन तर द्या. मी मोठ्यानं म्हटलं, इवाई, तुमच्याच हुकमानं सारं विहिरीत गेलं न! वाजंत्रीवाले थांबले. बिचाऱ्याचं तोंड मिरचीसारखं झालं. शेवटी चार माणसाईदेखत त्याईले म्हणा लागलं, का चंचीत आहे ते मले ठाऊक आहे, अन् आज तेच पाहिजे.

मी सासू काढली. त्याईनं हात पुढं केला. मी भुईवर ठेवली. म्हटलं, नवीन नातं आहे, हातोहात देऊन तोडू कशी? इवाई वाकले वं! एका हातानं पागोटं धरून, माह्या पायापाशी वाकले अन् उचलली. मले वाकाले शिकवणार होते म्हणे.

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी मी सासू परत मागाले गेली, तर जावयानं रिकामे हात दाखवले. रुख्मिणी दमणीत बसली होती. तिच्या कमरेले नवी चंची, अन् नजर खाली. मी तिचा पदर चंचीवर ओढला. शेगावात आता तिले दोन सासवा, एक घरातली अन् एक चंचीतली. दमणी गेली, मंग मी रडली, खूप रडली.

तुह्या उशीखालचा परत धाडू नको. नारायण म्हणीन, बाळंतपण झालं, आता त्याचं काय काम? त्याले सांगजो, पोरगी झाली आहे.

पोरीले जप. आपली माया अशीच धारेवर ठेव.
तुही नणंद, सोजरा