तीन दिवस पडला की घ्यायचा

२८ सप्टेंबर १९६४

झालं! एक हंगाम तपासायला सव्वीस दिवस लागले. जुन्या आण्यांचे नवे पैसे करता करताच जीव गेला. अजून नऊ हंगाम बाकी, आणि पाडवा पाच नोव्हेंबरला!

नियम एवढासाच — कापसाचा भाव सलग तीन दिवस पडला की घ्यायचा, चढला की विकायचा. सासरे तुळशीराम बाजारात मापारी होते, रोजचा भाव वहीत लिहायचे. ते गेले, दहा वर्षांच्या वह्या बायकोबरोबर, कलाबरोबर, आमच्या घरी आल्या. त्या दहा वर्षांवर नियम खरा उतरला, तर पाडव्याला महादेवरावांच्या अडतीतली मुनीमगिरी सोडायची. स्वतःच्या नावानं सौदा करायचा!

४ ऑक्टोबर

अकोल्याला जाऊन हिशेबाची दोन यंत्रं पाहिली. एक विजेचं — बटण दाबलं की आपोआप गुणाकार. दुसरं जुनं, हँडलचं — आकडे लावा, फिरवा. एकच हिशेब तीनदा केला. माझी पेन्सिल तीन मिनिटं, हँडल चाळीस सेकंद, वीज बारा. जीव विजेवरच जडला! पण घरी कंदील. "अडतीत ठेवा ना," दुकानदार म्हणाला. महादेवरावांच्या डोळ्यांदेखत? नको रे बाबा.

परतताना एस.टी.त खिडकीशी बसलो. दोन्हीकडे बोंडं फुटलेली. आकडेच पांढरे होऊन शेतात उभे आहेत असं आमच्या चिखलीपर्यंत वाटत राहिलं.

६ ऑक्टोबर

कलानं पाटल्या काढून समोर ठेवल्या. "घ्या. हँडलवालं आना."

मी पाटल्यांकडे पाहतच राहिलो.

"काऊन पाहून राह्यले असे? हात मोकळे पाह्यजेत ना फिरवाले!"

काय बाई आहे ही!

१८ ऑक्टोबर

मी वही धरून भाव सांगतो, ती हँडल फिरवते. खर्रर्र — टिंग! दोन दिवसांत एक हंगाम! सत्तावनच्या हिवाळ्यानं तर कमाल केली. अकरा वेळा घेतला असता, अकराही वेळा नफा. आतापर्यंतची बाकीची वर्षं रडतखडत, पण सत्तावननं सगळ्यांना वर ओढलं.

भरदुपारी गादीवर बसल्या बसल्या माझ्या नावाची पाटी दिसते. पाटीखाली कला, हातात पाटल्या. वेडा झालोय मी.

३१ ऑक्टोबर

दहाही हंगाम झाले, एकूण नफाच! नोकरी सोडतो म्हणून महादेवरावांना सांगून टाकलं! पान चघळत म्हणाले, "पाहून घे बाप्पा इंद्रभान. पाडव्याले दुसरा मानूस बसवतो मंग."

१ नोव्हेंबर

घसा बसला. म्हणून आज वही कलाकडे दिली, हँडल मी धरलं. सत्तावन पुन्हा एकदा ताडून पाहू म्हटलं — मजा म्हणून.

तिनं वही उघडली आणि हसायलाच लागली. "अवं माय! हे तं म्या लिह्यलं!"

त्या हिवाळ्यात तिचे बाबा चार महिने अंथरुणाला. वहीचं पान कोरं राहिलं तर लक्ष्मी रुसते — म्हणून लेकीला रोज सांगायचे, बाजारात विचारून ये अन् लिही. तेरा वर्षांची पोर, बाजारात जायची लाज. ओट्यावर बसून मनानंच भाव भरायची. अक्षर बाबांनीच शिकवलेलं, हुबेहूब त्यांच्यासारखं.

"तीन दिवस भाव पाडला का मले कसंसंच वाटे. मंग चवथ्या दिवशी चढवून टाकत होती."

मग तिनं माझा चेहरा पाहिला. हसणं थांबलं.

२ नोव्हेंबर

सत्तावन वगळून पुन्हा केलं. तोटा. हँडल तिनंच फिरवलं. तिच्या मोकळ्या मनगटांकडे मला पाहवेना.