बेर्नेरसाहेबांचा भूतकाळ

कोचाबांबा,
उपवासकाळ

फादर आन्सेल्मो यांच्या अभिषिक्त हाताला थोरल्या बहिणीचं आदरपूर्वक चुंबन. (हाच हात लहानपणी आईच्या साखरेच्या बरणीत अडकला होता, पण तो विषय आता नको.) तुझा खोकला कसा आहे? तुझ्या ताराता गावात वारा सुटला असेल, तर मिस्सा झाल्यावर घामेजल्या अंगाने दारात गप्पा मारत उभा राहू नकोस. इकडे आम्ही बऱ्या आहोत. माझे गुडघे माझ्याआधी म्हातारे झाले. आपल्या साटुर्निनाने दाढ काढून घेतली. आता स्वयंपाक करता करता ती तोंडाच्या एकाच बाजूने भांडते, पण मजकूर तितकाच असतो.

तुझं पत्र मिळालं. घरात प्रोटेस्टंट पाद्री भाडेकरू ठेवला ही गोष्ट तुझ्या कानावर गेली आणि तू त्याला ताबडतोब घालवायला सांगितलंस. घालवते. बहीण म्हणून नाही, तरी निदान श्रद्धाळू बाई म्हणून तुझं ऐकायलाच हवं. फक्त त्याआधी माणूस कसा आहे ते ऐकून घे.

बेर्नेर लिंदाल त्याचं नाव. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याशा बर्फाळ गावचा, दारातून वाकून यावं लागेल इतका उंच, आणि आला तेव्हा आपल्या स्पॅनिश भाषेतलं एकच वाक्य येत होतं: "देव तुम्हांला शोधत आहे." स्टेशनवर हमालापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना त्याने हेच सांगितलं. (पोलिसाने कागदपत्रं मागितली.) पहिल्याच जेवणाला त्याने मिरचीची चटणी, आपली याह्वा, टोमॅटोचं सूप समजून चमच्याने प्यायली आणि डोळ्यांतून धारा लागल्या असताना "छान, छान" म्हणत राहिला. आता आपल्याकडे पाप आणि मासा यांत एका अक्षराचा फरक. 'पेकादो' आणि 'पेस्कादो'. साहेबांनी बाजारात कोळणीसमोर उभं राहून एक किलो पाप मागितलं. ती म्हणाली, "साहेब, ते मी तोलून देत नाही, ओंजळीने घ्या!" सगळा बाजार हसला, त्यांच्यात तोही हसला, आणि घरी येऊन मला विचारलं की आपण का हसलो. आणि रोज संध्याकाळी शिकवणीनंतर खुर्चीत कोसळून 'मी दमलो' म्हणायचं तिथे तो "मी विवाहित आहे" म्हणायचा, 'कान्सादो'च्या जागी 'कासादो'. साटुर्निना म्हणायची, "ठाऊक आहे हो, इथं कुणी तुमच्यामागे लागलेलं नाही."

विवाहित होताच तो. बायको शाळामास्तरीण, वर्ग संपले की येणार होती. तिच्यासाठी त्याने अंगणाकडची खिडकी रंगवली, हिरवी, स्वतःच्या हाताने, काचांसकट.

शिकवायला कासिमिरो मास्तर येतात. (तुला आठवतील, तुला क्रियापदांसाठी अंगठे धरून उभं करायचे तेच.) मास्तरांचा क्रम ठरलेला. आधी वर्तमानकाळ, तो पक्का होईपर्यंत दुसरं काही नाही. भूतकाळ ईस्टरनंतर.

पंधरा दिवसांपूर्वी दुपारी त्यांच्या मिशनचे मोठे साहेब आले. दोघे अंगणात अंजिराखाली उभे राहून त्यांच्या भाषेत थोडंसंच बोलले. मोठ्या साहेबांनी याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. मग बेर्नेरसाहेब स्वयंपाकघरात आले. आम्ही दोघी बटाटे सोलत होतो. ते दारात वाकायला विसरले, चौकट कपाळाला लागली, तरी त्यांना कळलं नाही. म्हणाले, "माझी आल्मा मरते."

आता तू सांग, आन्सेल्मो, मी काय समजायचं? आल्मा म्हणजे आत्मा. पोराच्या मनात चलबिचल झाली, त्याने आपल्या पंथात यावं म्हणून मी घातलेलं साकडं फळाला आलं, असं मला वाटलं. मी सुरी टाकून उठले आणि त्यांचे दोन्ही हात धरून म्हटलं, "मरू दे, बाळा! मरू दे! जुनी मेली की नवी मिळते!"

ते मग एकेक शब्द वेचून म्हणाले, "आल्मा... माझी बायको आहे. आल्मा तिचं नाव आहे."

मी म्हटलं, "आजारी आहे का? तार करा! डॉक्टर बोलवा!"

"नाही. डॉक्टर येतो. पोट कापतो. रविवारी आल्मा मरते. आता ती जमिनीत आहे."

त्यांच्याजवळ दुसरा काळच नव्हता रे. ती मरत होती, मरतच होती, आमच्या स्वयंपाकघरात, बटाट्यांच्या सालींमध्ये. साटुर्निनाने हात पुसले, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांचं डोकं आपल्या एप्रनमध्ये धरलं. ती खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या उंचीची, हे बरं झालं. मी आपली चूल फुंकत बसले. ती पेटलेलीच होती.

तेवढ्यात मास्तर शिकवणीला आले. त्यांना सांगितलं. मास्तरांनी टोपी काढली, पुस्तक मिटलं आणि त्यांच्यासमोर बसून म्हणाले, "आज भूतकाळ घेऊ." 'मेली' हा शब्द साहेब काही केल्या उच्चारेनात. मास्तरांनी जोर केला नाही. विचारलं, "बरं, ती आणखी काय करायची?" साहेब बराच वेळ शब्द शोधत होते. शेवटी म्हणाले, "आल्मा गायली." आणि जरा थांबून, "वाईट गायली."

तेव्हापासून घरात हेच चाललंय. सकाळी चहाच्या वेळी ते क्रियापद विचारतात आणि दुपारपर्यंत वाक्य घेऊन येतात. आल्माने पाव जाळला. आल्मा घोड्यावरून पडली आणि घोड्यावर रागावली. आम्ही दोघी काम सोडून ऐकतो. मिशनवाले त्यांना परत पाठवायला निघाले होते. हे नाही म्हणाले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिथे सगळे तिला ओळखतात. मी काय सांगू? इथे मी सांगतो."

तर असा माणूस आहे. त्याला घालवते असं मी वर लिहिलंच आहे; महिनाअखेरीस घालवते.

तुझी आज्ञाधारक
एदुविहेस

ता. क. कुठल्या महिन्याची अखेर, ते तू विचारलेलं नाहीस.

ता. क. दुसरा. खरं काम हे, की येत्या शुक्रवारी एका आल्मा लिंदालसाठी मिस्सा म्हण. कुठली, कोण, ते विचारू नकोस आणि वेदीवरून तिचा धर्म सांगू नकोस. त्यांच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, म्हणून त्यांनाही सांगायचं नाही. तिच्यासाठी कुणीतरी गुडघे टेकायला हवेत, आणि माझे दुखतात.

ता. क. तिसरा. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. काल त्यांचं पहिलं प्रवचन होतं. मी गेले नव्हते. त्यांच्या प्रार्थनाघराच्या खिडकीखाली कांदे घेत होते. तर साहेब भूतकाळात असे अडकलेले की सगळंच भूतकाळात. "देव चांगला होता. देवाने आपल्यावर प्रेम केलं. देव होता." लोक एकमेकांकडे बघायला लागले, एकजण हसला. मला राहवेना. मी खिडकीतून डोकं घालून ओरडले, "आहे! बेर्नेरसाहेब, आहे!"

ते थांबले. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आहे?"

मी व्याकरण सुधारत होते, आन्सेल्मो. ते व्याकरण विचारत नव्हते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, हातात कांदे होते, आणि मी पुन्हा म्हटलं, "आहे."

तू लवकर ये.