वादळ इंजिन आणि ओळ ४१२

सोमवार, ३ नोव्हेंबर
नव्या गेमिंग कन्सोलचा डेव्हकिट (गेम बनवणाऱ्यांसाठीचं चाचणी-मशीन) आला. आखातातल्या सिलिकॉन ओएसिस या आयटी पार्कातल्या आमच्या अख्ख्या गेम स्टुडिओत तो हाताळायची अक्कल एकालाच. मला. संकल्प: दहा दिवसांत मी लिहिलेलं गेम इंजिन 'वादळ' त्यावर पळवायचं. तेराला उंटांच्या शर्यतीचा डेमो. पळालं तर वादळ राहणार, नाहीतर बाजारातलं आयतं इंजिन घेणार. आयतं! शी!

मंगळवार, ४ नोव्हेंबर
अफशा (नवी, कराचीची, भलती आगाऊ) विचारत होती, कोडमधल्या सगळ्या कमेंट, म्हणजे समजावणाऱ्या टिपा, मराठीत का? म्हटलं, मातृभाषेचा अभिमान. खरं कारण: मला काढलं तर कोणाच्या बापाला इंजिन कळता कामा नये. शिवाय मन मोकळं करता येतं. ओळ ४१२: 'हा कचरा खैरुद्दीन नावाच्या बैलाच्या हट्टापायी.' खैरुद्दीन आमचा बॉस. चार वर्षं त्याच्याशी हिंदी बोलून जीभ झिजली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
वादळ किटवर चढवलं. उंट आला, पाय आले नाहीत. कन्सोलची चूक. मॅन्युअल सहाशे पानी. मॅन्युअल वाचणारे लोक वेगळे असतात. टेबलावरच्या परवाच्या करक चहावर बुरशी. ईई! या ऑफिसची किळस येते.

रविवार, ९ नोव्हेंबर
घरी व्हिडिओ दाखवला. चिरंजीव म्हणाले, "डॅड, व्हाय इज इट पिंक?" मैथिली म्हणाली, छान आहे, जेवायला ये. कदर म्हणून नाही या घरात.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
खैरुद्दीन बराच वेळ मागे उभा राहून स्क्रीन बघत होता. त्याला काय कळतंय, कप्पाळ! "यल्ला", म्हणजे चला, आटपा, म्हणून गेला. ओळ ४१३ घातली: 'बैलाने मान डोलावली.'

गुरुवार, १३ नोव्हेंबर
डेमो. आज पाय आले, उंट आला नाही. चार गुलाबी पाय शर्यत जिंकले आणि किट बंद पडला. पाहुणे फिदीफिदी हसले. मग अफशाने आयत्या इंजिनवर तीच शर्यत दाखवली. उंट तपकिरी, पायांसकट. शिसारी आली. असो. वादळ बंद केलं तरी त्यातलं काहीही हवं असेल तर माझ्याच पाया पडावं लागेल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
खैरुद्दीनने बोलावलं आणि अस्खलित मराठीत सुरू झाला. मूळचा दापोलीचा. चार वर्षांत मी गाव विचारलं नाही, म्हणून त्यानेही सांगितलं नाही म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
वादळ खलास. नोकरी राहील, पण अफशाच्या हाताखाली. कमेंटमध्ये उंटाच्या चालीची माहिती चांगली आहे म्हणाला, तर सगळ्यांचं इंग्रजी करून टीमला द्यायचं. एकही ओळ गाळायची नाही.
अकराच्या सुमारास ओळ ४१२ला पोचलो. तो खुर्ची ओढून शेजारी बसला. मी 'बुल' लिहिलं. त्याने खोडून 'ऑक्स' केलं आणि पुढची ओळ घ्यायला सांगितली.