ताटावरचं नाव

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आज सकाळपासून सगळे मलाच विचारून राहिले. लग्न तुझं, पसंती तुझी! नेपियर टाउनच्या दुकानात माझ्यासमोर शालूंचा ढीग पडला. एकट्या हिरव्याच्याच इतक्या छटा, की शेवटी हिरवा म्हणजे काय तेच कळेना. माझ्या होणाऱ्या सासूबाई, निखिलच्या आई (मी त्यांना काकूच म्हणते), म्हणाल्या, "कोणताही घे बेटा, किमतीकडे पाहू नको." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

मग चांदीच्या दुकानात. लग्नात ज्या ताटातल्या तांदळावर बायकोचं नवं नाव नवरा लिहितो, ते ताट घ्यायला. त्यावर ते नाव कोरूनही घ्यायचं होतं. दुकानदारानं मला विचारलं, "दीदी, नाम क्या खुदवाना है?" मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "नंदिनी." त्यांच्या घरात ठरलंच होतं म्हणे. निखिल मोबाइलमध्ये डोकं घालून उभा.

नंदिनी! आणि इतकी वर्षं मी मुग्धा होते, तिचं काय?

परत येताना स्कूटीवर आई म्हणते, "काहून चिडून राहिली? सगळं तर तुझ्याच पसंतीनं झालं."

झालं ना. ताट गोल की अष्टकोनी, मी सांगितलं. कडेला वेल की मोर, मी सांगितलं. नाव सोडून त्या ताटावरचं सगळं माझ्या पसंतीचं आहे.

काकूंचा इतका राग नाही येत. दुकानदारानं अक्षरांचे नमुने पुढे ठेवले, तेव्हा मीच वाकून, नीट पाहून, 'नंदिनी'साठी त्यातलं सगळ्यात सुंदर अक्षर निवडून दिलं.