जुनी घरं वगळून

३ मार्च

अखेर कदर झाली. आपल्या गावासाठी बांधकामाची वेगळी नियमावली करायची ठरली आहे आणि उपसमितीचा सचिव मी. साहेब म्हणाले, बाकी सगळे कामात आहेत. म्हणजे विश्वासानेच दिलं.

काम मोठं आहे. सध्याची नियमावली सपाट मुलखातल्या माणसांनी लिहिलेली. तिच्यात जमीन सपाट, गच्ची सपाट, पाऊस बेताचा. इथे पहिल्या मजल्यावरून बाहेर पडलं तरी रस्ता लागतो आणि तिसऱ्यावरून बाहेर पडलं तरी रस्ताच. पावसाळ्यात डोंगर पाणी पिऊन फुगतो, जमीन अधूनमधून हादरते. या सगळ्याला पुरून उरेल असा ग्रंथ हवा. संकल्प: रोज एक प्रकरण.

जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, छान झालं, आता मागची भिंत बघा. मागची भिंत म्हणजे घरामागचा डोंगर कापून मी स्वतः उभी केलेली संरक्षक भिंत. तिला पोट आलंय असं हिचं म्हणणं. या वयात कुणाला येत नाही, असं माझं. बाबा हसले. ते त्या भिंतीलगतच्या खोलीत झोपतात आणि त्यांची काही तक्रार नाही.

५ मार्च

प्रकरण पहिलं आज सुरू करणार होतो. ऑफिसातलं टेबल डुगडुगतं. पायाखाली कागदाची घडी घालण्यात सकाळ गेली. दुपारी घडी जाड झाली.

११ मार्च

समितीवर भूगर्भशास्त्राच्या एक मॅडम नेमल्या आहेत. वयाने लहान, बूट माझ्यापेक्षा जड. म्हणाल्या, आधी उतार फिरून बघू. गेलो. त्या झाडांची वाकलेली खोडं बघत होत्या, जमिनीच्या भेगांत काठी घालत होत्या, घराघरात विचारत होत्या की दारं कधीपासून अडकतात. मी सावली बघत होतो. शेवटी वडीलकीच्या नात्याने सांगितलं की नियमावली टेबलावर बसून लिहितात. त्या म्हणाल्या, पण तुमचं तर डुगडुगतं ना.

हे त्यांना कुणी सांगितलं? ऑफिसात फितुरी आहे.

२ एप्रिल

अजून सुरुवात नाही. पण विचार चालू आहे, आणि अशा ग्रंथात विचारच महत्त्वाचा.

बाबांच्या खोलीचं दार लागत नाही. मी ते रंध्याने तासून दिलं. पावसाळी हवेने लाकूड फुगतं, असं हिला समजावलं. ही म्हणाली, अजून पाऊस कुठे आलाय, चौकट कललीय. हिला प्रत्येक गोष्टीत त्या भिंतीचाच हात दिसतो.

खरं तर ती भिंत म्हणजे माझं उत्तम काम आहे. पाणी निघायची भोकं मुद्दाम ठेवली नाहीत, नाहीतर गढूळ पाण्याचे ओघळ येऊन रंग खराब झाला असता. या दृष्टीने कुणी विचारच करत नाही.

१७ एप्रिल

युक्ती सापडली. समुद्रकाठच्या एका गावाने अशीच नियमावली केली आहे. तिथल्या एका ओळखीच्या इंजिनिअरने कॉपी पाठवली. दीडशे पानं, सुंदर छपाई. कॉम्प्युटरवर 'समुद्र' शोधून सगळीकडे 'डोंगर' टाकला. चहा यायच्या आत ग्रंथ तयार. लोक उगाच महिनोन्‌महिने घालवतात.

मॅडमनी बारा पानांचा काहीतरी मसुदा टेबलावर ठेवला होता. बघू म्हटलं. घडी घालून पायाखाली ठेवला, टेबल एकदम स्थिर झालं. तेवढा उपयोग झाला.

२४ एप्रिल

आजचा दिवस विसरणार नाही. हे लोक विसरले तर बरं.

बैठकीत साहेबांनी माझा ग्रंथ कुठलंही पान उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिलंच वाक्य लागलं, की उधाणाच्या भरतीला डोंगर जोत्यापर्यंत येतो हे गृहीत धरावे. त्यापुढे, डोंगरात होड्या बांधण्यासाठी घरमालकाने भक्कम खुंटी ठेवावी. सगळे हसले. सर्वांत जास्त हसले साहेब, ज्यांची त्या ग्रंथावर न वाचता सही आहे. मी मन मोठं ठेवलं.

मग मॅडमनी पिशवीतून बारा पानांची दुसरी प्रत काढली. म्हणजे यांची तयारी होती. किती उतारावर बांधायचंच नाही, डोंगर कापला तर भिंतीतून पाणी कसं काढायचं, धक्का बसला तर कोपरे कसे धरून राहतील, सगळं एका बैठकीत मंजूर. केसाने गळा कापला.

तरी मी शेवटी एक ओळ घालून घेतलीच: हे नियम जुनी घरं वगळून लागू होतील. व्यवहार कळणारं माणूस समितीवर एकच आहे. नियमावलीचा खरा कणा ती ओळच आहे.

२० मे

नियमावली जाहीर झाली. लोकांकडून हरकती मागवल्या आहेत. हरकती येणार नाहीत. लोकांना जुनी घरं वगळलेली आवडतात.

३ जून

एक हरकत आली. त्या ओळीलाच. जुनी घरं वगळू नयेत, धोका तिथेच जास्त आहे, उदाहरण सोबत जोडले आहे. उदाहरणात एक भिंत. ओळंबा सोडून पोट मोजलेलं, फोटो काढलेले. फोटोत दोरीवर माझा निळा शर्ट वाळत होता.

अक्षर हिचं. ओळंबा माझ्याच पिशवीतला. खाली शेजाऱ्यांच्या सह्या आणि सर्वांत वर बाबांची.

घरी जाऊन जाब विचारला. ही म्हणाली, तोंडाने सांगून झालं, तुम्ही म्हणालात ऑफिसचं ऑफिसात, म्हणून ऑफिसात दिलं. बाबांना विचारलं की न वाचता सही केली ना. त्यांनी सांगितलं, दोनदा वाचलं, फार चांगलं लिहिलंय तिने. घरच्याच माणसांनी असं करावं? बाहेरच्यांचं मी समजू शकतो.

१२ जून

सुनावणी. सचिव या नात्याने नाव मलाच पुकारावं लागलं. ही टेबलापलीकडे उभी राहिली आणि पत्ता विचारल्यावर परक्या माणसाला सांगावा तसा पूर्ण पत्ता सांगितला. मग भिंतीबद्दल बोलली. आवाज चढवला नाही. खोलीत कोण झोपतं तेही सांगितलं. साहेब हसले नाहीत. मला ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

हरकत मान्य. माझी ओळ खोडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हिच्याविरुद्ध कधी कुठल्या समितीपुढे गेलो नाही.

१८ जून

मॅडम घरी येऊन भिंत बघून गेल्या. हिने त्यांना चहा दिला, मला नंतर गाळून उरलेला. खोली ताबडतोब रिकामी करा, भिंतीला भोकं पाडा, अशी नोटीस काढायची. पहिलीच नोटीस, आणि काढणारा मी, घेणारा मी. तेव्हा विचारपूर्वक निर्णय घेतला. घरमालकाची अडचण लक्षात घेऊन सचिवाने पावसाळा संपेपर्यंत मुदत दिली. घरमालक आणि सचिव दोघेही समाधानी आहेत.

१९ जून

मुदतीचं कळताच ही बाबांना घेऊन माहेरी, मेहुण्याकडे गेली. बाबांचा पलंगसुद्धा टेम्पोत गेला. मी दारात उभा होतो. वाटलं, बाबा तरी वळून म्हणतील की मी राहतो याच्याजवळ. ते ड्रायव्हरशी पलंगाच्या पायांबद्दल बोलत होते. ज्या घरासाठी इतकं केलं ते घर सतरंजीसकट टेम्पोतून जाताना बघणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

२७ जून

पाऊस सुरू झाला. या लोकांना कृतीने उत्तर द्यायचं ठरवलं आहे. मागच्या खोलीत चटई टाकून स्वतः झोपतो. भिंत जागच्या जागी.

४ जुलै

भिंत जवळजवळ जागच्या जागी. दार आता अजिबात उघडत नाही, खिडकीतून ये-जा करतो. व्यायाम होतो. मॅडम फोन करतात, मी उचलत नाही. हिला फोन केला. घ्यायला या म्हणेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, तिथे झोपता का. नाही म्हणालो. खरं सांगितलं असतं तर ती धावत आली असती, आणि मग वाटलं असतं की मीच वाकलो.

११ जुलै, संध्याकाळी, मेहुण्याच्या घरी

भिंत दुपारी आली. मी ऑफिसात होतो. मॅडमनीच येऊन सांगितलं आणि जीपमधून घरी नेलं.

मागची खोली नाही. खिडकीच्याही वर चिखल आणि दगड. माझी चटई शोधायचा प्रश्नच नव्हता. बाबांचा पलंग जिथे असायचा तिथे एक झाड मुळांसकट येऊन पडलं आहे.

इथे आलो तेव्हा ही दारातच उभी होती. जाब विचारला असता तर माझी उत्तरं तयार होती. अतिवृष्टी होती, भिंत त्या वेळच्या नियमांप्रमाणेच बांधली होती, मुदत कायदेशीर होती. जीपमध्ये सगळी नीट लावून ठेवली होती. तिने टॉवेल दिला, मग परत घेऊन स्वतःच माझं डोकं पुसलं. शेजाऱ्यांकडून तिला कळलं होतं की मी तिथेच झोपत होतो.

मग बाबांजवळ बसलो. न राहवून विचारलं की त्या कागदावर सही का केली, माझ्यावर विश्वास नव्हता का. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, उशामागची भेग पहिल्याच पावसाळ्यात हाताला लागली होती. पण भिंत तू बांधली होतीस, म्हणून नऊ वर्षं तिथेच झोपलो.

रागाने म्हणाले नाहीत. पाण्याची टाकी भरली एवढं सांगावं तसं सांगितलं. मला मान वर करता येईना. मग त्यांनी विचारलं, दुपारचं जेवलास का.

नाही म्हणालो. ते उठून हिला पान वाढायला सांगायला गेले.