संध्याकाळची साखर

सोमवार, ४ तारीख
तीनशे दहा! आमच्या ह्यांची साखर. सकाळी एकशे वीस होती. म्हणजे दिवसभर बेकरीत केक सजवता सजवता चाटूनपुसून खाल्लंय. आणि वर तोंड करून सांगतात, चिमूटभरसुद्धा नाही गं. चोराच्या उलट्या बोंबा!

मंगळवार
आता दारातच गाठते. आधी तोंड उघडायला लावून वास घ्यायचा, मग लगेच बोटाला सुई. आज म्हणाले, हात धुऊन येतो. म्हणजे तेवढ्यात चूळ भरून यायची — मी काय दूधखुळी आहे? बसा म्हटलं. बाह्यांवर पिठीसाखर, आणि आव साधूचा! दोनशे शहाण्णव.

गुरुवार
नणंदबाई येऊन शिकवून गेल्या. घरचं यंत्रही चुकतं म्हणे, एकदा लॅबमध्ये तपासून घे. भावाचीच कड घेणार! सकाळी बरोबर आणि संध्याकाळी तेवढं चुकतं होय? यंत्राला घड्याळ कळतं वाटतं.

शुक्रवार
डॉक्टरांना फोनवर आकडे सांगितले. खाण्यात काही बदल झालाय का, त्यांनी विचारलं.
"चोरून खातात," मी म्हटलं.
संध्याकाळचं इन्सुलिन वाढवून दिलं. ह्यांनी मुकाट्याने पोट पुढे केलं. साठीला आले तरी जिभेवर ताबा नाही. कीव नाही, किळस येते.

रविवार
तीनशे दोन. आज वादही घातला नाही. इन्सुलिन दिलं, तर म्हणे भूक नाही. कशी असेल? बेकरीतच पोट भरलं असणार!

सोमवार
हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. काल पानावरच घामाने निथळले, बोलताना अडखळले, कोसळले. इथल्या नर्सने बोट स्वच्छ पुसून माप घेतलं — अडतीस.
घरी तीनशे होती, मी भांडलेच तिच्याशी. तिने शांतपणे ह्यांच्या नखांतली पांढरी भुकटी दाखवली. बोटावरची साखर थेंबात मिसळली की यंत्र तीही मोजतं, म्हणाली.
"हात धुऊन घेत होता ना?"
लॅबचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवालही आला. उत्तम आहे. चिमूटभरसुद्धा खाल्लं नव्हतं.

बुधवार
घरी आणलं. ह्यांनी दारात चपला काढल्या, आणि सवयीने माझ्यासमोर तोंड उघडून उभे राहिले.