राहिलेला पालट

ता. ४ मे

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र लिहितोय, कारण फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस. इकडे सर्व क्षेम म्हणायची रीत आहे, पण इकडे क्षेम काहीही नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

सुट्टीत हिची रुग्णालयातली ड्यूटी, माझं पाणीपुरवठ्याचं ऑफिस, म्हणून पोरं तुझ्याकडे ठेवली. इतिहास खेळून शिकवते म्हणालीस, मी हो म्हटलं. पलंगाचं जहाज झालं, जिन्यात किल्ला उभा राहिला, तुझ्या अस्तराच्या चिंध्यांचे झेंडे झाले, तोवर आम्हाला कौतुकच होतं. पण शुक्रवारी न कळवता आलो तर काय बघतो? माझा सहा वर्षांचा मुलगा गुडघ्यांवर बसून तुझी फरशी पुसतोय, गळ्यात फितीला बांधलेलं कोटाचं काळं बटण, आणि मोठी तुझ्या खुर्चीत पडदा पांघरून त्याला हुकूम सोडतेय. तू शेजारी खुशाल शिवणाचं मशीन चालवत होतीस! विचारलं तर म्हणालीस, पूर्वी माणसं बाजारात विकत मिळायची, आज तो धडा आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. पोरांना चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत, तशीच गाडीत कोंबली.

आता पुढचं ऐक. ढब्बू ते बटण काढू देत नाही. मोठी बसल्याशिवाय जेवायला बसत नाही. पाणी प्यायलाही तिची परवानगी मागतो, तिचे कपडे घडी करून ठेवतो, आणि ती रडकुंडीला येऊन नको नको म्हणते. ही कामावरून येते ती त्याला मांडीवर घेऊन बसून राहते. इतिहास शिकवायला शाळा आहेत, आक्का. मी सनावळ्या पाठ करून शिकलो, माझं काही अडलं नाही. तुला स्वतःचं मूल असतं तर असले उद्योग सुचले नसते. पोरं यापुढे तुझ्याकडे येणार नाहीत.

लोभ असावा असं लिहायची आज इच्छा नाही, सवयीनं लिहितो.

तुझा
बाबू


ता. ७ मे

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद. मनातलं सगळं लिहिलं असतं तर पोस्टमननं पाकीट चिमट्यानं धरून आणलं असतं, म्हणून तूर्त आशीर्वादच घे.

मूल असतं तर, असं लिहिलंस. ते वाक्य मी कापून वेगळं ठेवलंय, त्याचं नंतर बघू. आधी ढब्बूचं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आमच्याकडे कुठलाही डाव एकदा खेळत नाहीत. पहिल्या डावात एक मालक, दुसरा गुलाम. मग मी मशीन थांबवते. मालकानं आपल्या हातानं गुलामाच्या गळ्यातलं बटण सोडायचं, स्वतःच्या गळ्यात बांधायचं, आणि पहिला डाव जितका चालला तितकाच वेळ सगळं उलट. ह्याला आम्ही पालट म्हणतो. किल्ल्याला वेढा घालणारा पालटात उपाशी बसतो, कर मागणारा कर भरतो. राजा होऊन कुणी काही शिकत नाही रे. पालट झाला की मी दोघांना विचारते, राग कधी आला आणि त्या रागाचं काय केलंत. आमचा इतिहासाचा तास म्हणजे तेवढा. सनावळ्या मागाहून येतात, आणि राहतात.

तू आलास तेव्हा पहिला डाव संपतच आला होता. पोरं गाडीच्या काचेवर थापा मारून ओरडत होती की पालट राहिला. मी फाटकापर्यंत धावत आले, तू काच खाली केली नाहीस. अर्धा डाव उचलून नेलास तू! जो गुलाम होता तो गुलामच राहिला, आणि जी मालकीण होती तिला उतरायला पायरी ठेवली नाहीस. आणि वर मला विचारतोस काय केलं म्हणून.

मोठीला ते बटण गळ्यात बांधू दे, एवढंच कर. दुपारभर ढब्बू सांगेल ते ती करील आणि दोघं मोकळी होतील. तू मध्ये कात्री घालू नकोस.

सुनेला आशीर्वाद सांग, तिच्यावर माझा राग नाही.

आक्का


ता. ११ मे

ती. आक्कास,
सा. न.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी कात्री घातली होती. झोपेत फीत कापली आणि बटण कपाटावर टाकलं. सकाळी त्यानं गळा चाचपला आणि असा हंबरडा फोडला की खालच्या मजल्यावरचे वर आले. पालट झाल्याशिवाय ज्याचं बटण निघतं तो पळपुटा, आणि पळपुट्याला शोधायला माणसं येतात, असं तूच शिकवलंस म्हणे. तेव्हापासून दारावरची बेल वाजली की तो कपड्यांच्या कपाटात जाऊन बसतो. काल दूधवाला आला तर हिला अर्धा तास त्याला बाहेर काढायला लागला. सहा वर्षांचं पोर आहे ते!

मी त्याला समजावलं की डाव संपला. तो म्हणाला, बाबा, तुम्ही खेळात नव्हता, तुम्हाला संपवता येत नाही. मोठीला विचारलं तर ती म्हणते तिला पुन्हा कधीच कुणी व्हायचं नाही, काहीच व्हायचं नाही.

तुझा पालट माझ्या घरात होणार नाही. मुलाला हुकूम सोडायला लावून मुलीला राबवू? हा कुठला उपाय? तू दोन ओळी लिहून पाठव की आत्यानं डाव मोडला, सगळे सुटले. तुझं तो ऐकेल. ह्यात तरी मोडता घालू नकोस.

बाबू


ता. १४ मे

चि. बाबूस आशीर्वाद.

लिहिणार नाही. आत्यानं वरून फर्मान काढलं आणि गुलाम सुटला, असं तो शिकला तर आयुष्यभर कुणाच्या तरी फर्मानाची वाट बघत कपाटात बसेल. पोर कपाटात बसतं हे ऐकून मला काल टीप सरळ घालता आली नाही, तरीही लिहिणार नाही. सोडायचं ते मोठीच्या हातांनी.

मुलीला राबवू का, असा प्रश्न पडला तुला. ऐकून बरं वाटलं, फार उशिरा पडला. आता ते कापून ठेवलेलं वाक्य काढते. सनावळ्या पाठ करून शिकलास ना? पाठ कुणी करून घेतल्या? आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझी शाळा सुटली. अण्णा म्हणाले होते, आधी बाबूचं होऊ दे, मग तुझं. तू टेबलाशी बसायचास, मी तुझ्या शर्टाला इस्त्री करत तुझी सनावळी म्हणवून घ्यायचे. तू चुकलास की मी सांगायचे, आणि मार्क तुला पडायचे. पाण्याचा तांब्या तू कधी स्वतः उचललास ते आठवून बघ. तुझं झालं, नोकरी झाली, लग्न झालं. मग तुझं, असं अण्णा जे म्हणाले होते, ते त्यांच्याबरोबरच गेलं. आपल्या घरात फक्त पहिला डाव झाला, बाबू. रडून सांगत नाही, चिडून सांगतेय. पालटाचा नियम मी पुस्तकातून काढलेला नाही.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. आपल्या घरी बाब्या तू होतास, कार्टं मी. ढब्बूचं तसं होऊ देऊ नकोस, मोठीचंही. दोघांना बटण दे.

आक्का


ता. १९ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. पालट झाला! आईनं खुर्ची ठेवून कपाटावरचं बटण काढलं आणि बाबांना म्हणाली की मी आज रजा घेतली आहे, बघू कोण थांबवतं. मी ढब्बूला कपाटात जाऊन सांगितलं की तू पळपुटा नाहीस, आणि बटण माझ्या गळ्यात बांधलं.

ढब्बू फार दुष्ट मालक आहे, आत्या. त्यानं मला त्याच्या चपला डोक्यावर धरून उभं केलं आणि दूध तीनदा गरम करायला लावलं. मला इतका राग आला की मी मोरीत जाऊन बादलीला लाथ मारली. मग तोच म्हणाला की पुरे, मला कंटाळा आला. पण मी नाही म्हटलं, जितका माझा डाव तितकाच तुझा. संध्याकाळी त्यानं बटण सोडलं आणि आम्ही दोघं झोपेपर्यंत भांडलो. आता तो बेल वाजली की सगळ्यांच्या आधी दार उघडायला पळतो.

तुमचं पत्र बाबा आईला वाचून दाखवत होते तेव्हा आम्ही दाराशी होतो. ढब्बूनं आत जाऊन विचारलं की आत्याचा पालट कधी आहे. बाबा त्याच्यावर खूप ओरडले. मग गॅलरीत जाऊन बसले, जेवायलाही आले नाहीत. मी विचारलं राग आला का, तर हो म्हणाले. त्या रागाचं काय केलं ते सांगितलं नाही.

माझ्यावर लोभ ठेवा, ढब्बूवर थोडा कमी ठेवला तरी चालेल.

तुमची
मोठी


ता. २१ मे

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

माझा राग गेलेला नाही. त्यातला किती तुझ्यावर आहे ते मात्र आता सांगता येत नाही.

रविवारी सकाळी येतो. पोरं सोबत आहेत, त्यांच्या चपला तुझ्याकडेच राहिल्यात. तू खुर्चीत बसायचं, मशीन बंद. झाडणं, पुसणं, स्वयंपाक, दिवसभराचं सगळं माझ्याकडे. ढब्बूनं आपलं बटण मला दिलंय. ते मालकानं गुलामासमोरच बांधायचं असतं म्हणून गळ्यात घातलेलं नाही, खिशात घेऊन येतोय.

बाबू


ता. २३ मे

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

ये. फीत मी नवी कापून ठेवली आहे. तुझी मान जाड झालीय, म्हणून चांगली लांब घेतलीय. केरसुणी दारामागे आहे, इस्त्री ट्रंकेवर, आणि पाण्याचा तांब्या जिथे तेव्हा असायचा तिथेच.

आल्यावर पहिला चहा कर. साखर कमी, आणि मला हाक मारून कुठलंही भांडं कुठे आहे ते विचारायचं नाही, मीही कधी विचारलं नव्हतं.

एक मात्र तुझ्या पत्रात चुकलंय. तू एकच रविवार लिहिला आहेस. पालट पहिल्या डावाइतकाच चालतो. विश्वास नसेल तर येताना गाडीत मोठीला विचार.

माया आहे तेवढीच आहे, रागासकट.

तुझी
आक्का